अकरा एकांची संख्या

चार माणसं नेमाने भेटली की किस्से साठतातच. आमचे किस्से मात्र पाहुण्यांना सांगायला घेतले की ते घड्याळ बघतात! तरी सांगतो. पिरंगुटच्या बाजारात सलीमभाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे. रविवारी सकाळी आम्ही तिथे बसून मोठमोठ्या संख्यांचे अवयव पाडतो, तेही हाताने. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या. अशी सापडली की पेढे!

*

आमचे म्होरके शेजारच्या चांदे गावचे दत्तोबा. त्यांनी आपल्या भाड्याच्या खोल्यांना फक्त मूळ नंबर दिलेत. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. पार्सलवाला सहाच खोल्या मोजतो आणि तेरा नंबर शोधायला पुढच्या गल्लीत जातो. सगळे भाडेकरू कुरकुरतात. हिंजवडीत नोकरी करणारी शुभांगी तेवढी म्हणाली, "काका, सतरा नंबर कधी बांधताय?"

पुढच्या रविवारी ती दुकानात हजर होती.

*

सलीमभाईंनी साठीचा केक कापलाच नाही. साठला काय, कुणीही उठावं आणि भागावं! एकसष्टाव्याला मात्र सगळ्यांना बिर्याणी घातली. हात धुताना म्हणाले, "आता पुढची दावत सदुसष्टला. एकानंबी गैरहजर ऱ्हायचं न्हाई."

*

एकदा सात आकडी संख्या घेतली. कामं वाटली. कुणी दहा ते शंभरमधल्या संख्यांनी भागायचं, कुणी पुढच्या. महिनाभर घाम गाळला, भाग काही जाईना. पेढे वाटले, खाल्ले. मग शुभांगीने सहज आकड्यांची बेरीज केली. बेरजेला तीनने भाग जात होता, म्हणजे संख्येलाही. तीन इतका सोपा, की तो दुसऱ्याने केलाच असेल असं प्रत्येकाने धरलं होतं!

*

दत्तोबा दीड वर्ष एकाच संख्येच्या मागे होते. ओळीने अकरा वेळा एक लिहिला की होते ती. ती फुटते का, आणि कशाने? मोबाईलवर उत्तर लगेच मिळतं, पण तसलं उत्तर त्यांना नको होतं.

श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वाचा परत येऊ शकते, बोलत राहा. त्यांच्या पत्नी हिराबाई रोज नातवंडांची नावं विचारायच्या. दत्तोबा भिंतीकडे बघत राहायचे. आम्ही जायचो, गप्पा मारायचो. मला तर वाटायला लागलं होतं, आपले दत्तोबा गेलेच.

एका रविवारी सलीमभाईंना राहवलं नाही. खाटेजवळ बसून ते म्हणाले, "दत्तोबा, आता डोक्याला ताण नगं. म्या मोबाईलवर बघितलंय. फुटतुया तो आकडा. पयला अवयव हाय एकवीस हजार सहाशे..."

दत्तोबांचा डावा हात वर आला. ओठ बराच वेळ थरथरले.

"सांगू नगं," दत्तोबा म्हणाले.