न सुटणारं औषध

नोएडात नव्या औषध कंपन्या येत होत्या, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत मॅडम माझ्या वरिष्ठ होत्या. आम्ही दोघंही दिल्लीतल्या मयूर विहारला राहायचो, म्हणून कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचो. इतरांशी त्या हिंदी बोलत, माझ्याशी मराठी. पण बोलण्याआधी नेहमी जरा थांबत, आपण म्हणतोय ते खरं आहे ना, हे तपासून घेतल्यासारख्या.

पॉलिमरच्या साखळ्या पाण्यात आपोआप जमून त्यांचे अतिसूक्ष्म गोळे होतात. त्यांच्या पोटात कॅन्सरचं औषध भरायचं, हे आमचं काम. पण रक्तात मिसळून पातळ झाले, की ते गोळे विस्कटत. म्हणून मॅडम साखळ्यांना एकमेकींशी रासायनिक टाके घालत होत्या. कुणी "जमलं" म्हटलं, की त्या नमुन्यात आणखी पाणी ओतून म्हणत, "अच्छा, आता बघ."

अखेर गोळे टिकले. मोठे साहेब गुंतवणूकदारांना घेऊन आले, टाळ्या झाल्या. मॅडम उठल्या, जरा थांबल्या.

"टिकते तो हैं, सर. लेकिन अब दवा छोडते नहीं."

साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, ये बाद में बता देतीं."

"बाद में किसको, सर? मरीज को?"

त्याच संध्याकाळी काम बंद करायचं ठरलं. बसमध्ये मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना. माझं सगळ्यात सुंदर काम होतं ते."

मग मयूर विहार येईपर्यंत त्या खिडकीकडे तोंड करून आवाज न करता रडत होत्या. मी समोर बघत शेजारी बसून राहिलो.