कोणी केलं? हात वर करा

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच महिने वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चहाबरोबर एखादा. आमच्या घरात भूत, भगत, उतारा यातलं काही कधी शिरलंच नाही. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून दारासमोरच लावल्यात. लहानपणी अंधारात कशाला भ्याले की ते हातात टॉर्च द्यायचे आणि म्हणायचे, "जा, बघून ये." त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, मीही हसलेच असते.

वसमतला माझं लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान आहे. पहिल्या मजल्यावर, दहा बाय बाराचं. नऊ वर्षं झाली, तरी निम्मे लोक दारात उभं राहून विचारतात, "मेकॅनिक कुठं गेले?" मी स्क्रू ड्रायव्हर वर करून दाखवते. तोंडाने मी फटकळ आहे, हे कबूल. त्यात कोणी मला माझंच काम समजावून सांगायला लागलं की डोकं फिरतं. हे सगळं त्या डोक्यामुळेच झालं.

गेल्या उन्हाळ्यात कुरुंद्याहून एक काका आले. गंगाधरकाका. साठीच्या पुढचे, हळदीचे शेतकरी, बोटं पिवळी झालेली. टॉवेलात गुंडाळून आणलेला लॅपटॉप त्यांनी काउंटरवर ठेवला.

"बाई, आतून लै भरलंय हे. चालता चालता बंद पडून राहिलंय. साफ करून द्या."

"सगळं साफ करायचं?"

"व्हय, सगळं. काही ठेवू नका आतमधी. फक्त मागचे स्क्रू जरा सावकाश—"

"काका, मला कळतं. परवा या," मी म्हणाले. हाकलूनच दिलं म्हणा ना.

माझ्या जॉब कार्डवर एक ओळ छापलेली आहे — 'डेटा ठेवायचा: हो / नाही'. प्रत्येकाला विचारायचंच, म्हणून मीच ती छापून घेतली. त्या दिवशी विचारलं नाही. 'नाही'वर टिक मीच केली आणि लॅपटॉप फॉरमॅटला लावला. जुनं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला घेतलं, तर अर्ध्यात मशीन बंद. हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. तेव्हा कुठे मी मागचं झाकण उघडलं.

पंखा पिवळाधमक होता. पात्यांमध्ये हळदीची पूड गच्च बसलेली, टेबलभर वास सुटला.

आतून लै भरलंय. साफ करून द्या. माणूस अगदी बरोबर बोलला होता हो! ब्रश घ्यायचा, ब्लोअर मारायचा, दहा मिनिटांचं काम. दोन दिवस रिकव्हरीची सॉफ्टवेअरं लावून बसले. फाइलींची नुसती नावं निघाली — 'पाठ १', 'पाठ २', 'पाढे'. उघडली एकही नाही.

तिसऱ्या दिवशी काका आले आणि स्टुलावर ऐसपैस बसले.

"मंगलचा आवाज लावा बरं जरा. तीन दिवस झाले, घर सुनं वाटून राहिलं."

मंगलबाई म्हणजे त्यांची बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. आजारपणाची रजा घेतली तेव्हा वर्गातल्या लेकरांचं नुकसान नको म्हणून घरी बसून लॅपटॉपवर धडे रेकॉर्ड केले. शाळेत पोचवायचे राहूनच गेले, त्याआधी त्याच गेल्या. त्याला दोन वर्षं झाली होती. काका अंगणात हळद पॉलिश करायला, म्हणजे वाळली हळकुंडं घासायला, बसले की लॅपटॉप खिडकीत ठेवून ते धडे लावायचे. पंख्यात हळद गेली ती अशी.

"फोटो लै हैत," काका म्हणाले. "आवाज मात्र येवढाच हाय."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. मी म्हणाले, "काका, डिस्कच खराब झालेली होती. मी हात लावायच्या आधीच सगळं गेलेलं होतं."

त्यांनी टॉवेलाच्या टोकाने तो कोरा स्क्रीन पुसला. मग म्हणाले, "तुमचा काय दोष, बाई. मीच रोज रोज लावून खराब केलं."

आणि मी गप्प बसले. पुसल्याचं वाईट वाटतंच, पण या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. लॅपटॉप त्यांनी नेला नाही. "घरी नेऊन काय करू? कुण्या लेकराच्या कामी येत असंल तर द्या," म्हणाले आणि टॉवेल घडी करून तेवढा घेऊन गेले.

मी तो वरच्या फळीवर ठेवला, नजरेआड. पुढे त्यातली रॅम काढून एकाला बसवली, बॅटरी दुसऱ्याला, स्पीकर तिसऱ्याला. धंद्यात असंच असतं. राहिला तो नुसता डबा. हे नीट लक्षात घ्या — बॅटरी नाही, रॅम नाही, स्पीकर नाही.

तीनेक आठवड्यांनी, एका मंगळवारी, भर दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टर दोन दिवस बिघडलेलाच होता. समोर कॉलेजची एक मुलगी तिच्या कीबोर्डसाठी थांबली होती. रस्ता उन्हानं सुनसान. आणि वरच्या फळीवरून टकटक आली... तीनदा. लाकडावर अंगठी वाजवावी तशी.

मग बाईचा आवाज. जरासा बसलेला, पण स्वच्छ.

"कोणी केलं? हात वर करा. मी मारणार न्हाई."

माझा उजवा हात वर गेला. मी केला असं म्हणवत नाही, गेला. चौथीत जायचा तसा, सरळ, कानाला टेकून.

"ताई, हात काहून वर केला?" मुलीने विचारलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

ती गेल्यावर मी वडिलांचं ऐकलं. स्टुलावर चढले, मोबाईलचा टॉर्च लावला, लॅपटॉप खाली काढून झाकण उघडलं. आत स्पीकरच्या जागी दोन मोकळे खड्डे होते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून कुरुंद्याची बस धरली. काका अंगणातच होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं — डिस्क चांगली होती, मी विचारलं नाही, मी पुसलं, वर खोटं बोलले, आणि तुम्ही स्वतःला दोष दिलात तेव्हाही गप्प बसले. त्यांचा चेहरा उतरत गेला. ते "असू द्या" म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

मग मी ती टकटक, तो आवाज आणि माझा हात वर गेल्याचं सांगितलं. वाटलं, आता चिडतील, म्हणतील वरून थट्टा करता का. काकांनी हातातली चाळणी खाली ठेवली.

"टकटक किती डाव झाली?"

"तीन."

"तीनच करायची. आमची पोरं लहान होती तवा घरातबी असंच. कप फुटला, का शाई सांडली... तीनदा टेबल वाजवायची अन् हेच म्हणायची." थोडं थांबून म्हणाले, "पण बाई, हे रेकॉर्डिंगमधी नव्हतं. त्यात नुसते धडे अन् पाढे होते."

त्यांनी मला ओसरीवर बसवलं.

"आवाज कसा होता? बसलेला का मोकळा?"

"जरा बसलेला."

"म्हणून दाखवा बरं. ती म्हणली तसंच."

मी ओसरीच्या खांबावर तीनदा बोट वाजवलं आणि जमेल तसं म्हणाले, कोणी केलं, हात वर करा, मी मारणार न्हाई. काकांनी डोळे मिटले होते.

"परत म्हणा," ते म्हणाले.

माझ्या मनाचे खेळ म्हणावेत, तर जी बाई मी कधी बघितली नाही, तिची लकब माझ्या मनात आली कुठून? याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि कोणी पटकन देऊ लागलं तर मी ऐकणारही नाही. मला छळतं ते वेगळंच. दोन वर्षं जो माणूस तो आवाज रोज लावत होता, त्याला तो शेवटचा ऐकू आला नाही. ज्या बाईनं पुसला, तिला आला.

त्या दिवशी काका मला पाच वेळा "परत म्हणा" म्हणाले. पाचही वेळा मी म्हणाले. सहाव्यांदा त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, मी परत म्हणाले, आणि माझाच आवाज त्या आवाजासारखा बसलेला निघाला.