अंगद सरांचा पंचविसावा विद्यार्थी

“त्याला दुसरा कप चहा कशापायी दिला तू?”

“पाहुना हुता.”

“पाहुना? रोहिणी, नगरच्या कॉलेजचा मास्तर हाय त्यो! माझ्याच घरात बसून माझीच पोरगी पळवायला आल्ता!”

“मग तुमी दारोदार काय पेढे वाटत फिरता?”

अंगद सरांनी प्रवेशाच्या फॉर्मांची पिशवी खुंटीला अडकवली. शेवगाव तालुक्यातल्या त्या गावच्या हायस्कुलात ते एकोणीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतात. म्हणजे दहा महिने शिकवतात. दहावीचा निकाल लागला, की अकरावी सायन्ससाठी पोरं गोळा करत हिंडतात. पंचवीस भरली नाहीत तर तुकडी बंद, आणि सरांची रवानगी तिकडं पार अकोले तालुक्याच्या डोंगरात. सरांचा अनुभव असा, की पहिला कप रीतीचा असतो. दुसरा आला, की पोरगं आपलं. अशी त्यांनी चोवीस पोरं मिळवली, सोबत पित्तही. गावातल्या गोजरबाईच्या सुनीलची फॉर्मावरची सही तर चालू ट्रॅक्टरवर घेतली.

“सर, सायन्स म्हंजे नेमकं काय असतं?”

“आधी सही कर. वर्गात आल्यावर सांगतो.”

पंचविसावी धनश्री. सरांची स्वतःची. दहावीला चौऱ्याण्णव टक्के. प्रत्येक ओसरीवर सरांना विचारणा व्हायची, “तुमची पोरगी कुठं घालनार?” सर छाती काढून सांगायचे, “माझ्याच वर्गात!”

“तिला डॉक्टर व्हायचंय,” रोहिणी म्हणाली. “नगरला त्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करून घेत्यात. तुमच्या लॅबला नुसतं कुलूप. चावी हेडमास्तरांच्या सासुरवाडीला.”

“एकदाच ऱ्हायली हुती तिकडं!”

“मग आली का परत?”

इतक्यात धनश्री आतून आली. हातात शाळेचा दाखला काढायचा अर्ज. सगळा भरलेला, फक्त पालकाची सही बाकी.

“आधी मला सांग,” सर म्हणाले, “माझं शिकवणं कमी पडतं का?”

“न्हाई पप्पा. तुमी शिकवलेलं मला झोपेत बी येतं.”

सरांनी रोहिणीकडं असं पाहिलं, जणू तुकडी वाचलीच.

“पन केमिस्ट्रीला सर न्हाईत. बायोलॉजीला पीटीचे सर येतात. आता एकच सांगा. मी गोजरबाईची पोरगी असते, आन तुमाला पंचविसावं पोरगं लागत नसतं, तर मला कुठं जा म्हनला असता?”

रोहिणीनं पाहुण्याचा रिकामा कप उचलला.

सरांनी खिशातला पेन काढला. टोपण उघडलं, अर्जाकडं बघितलं. ‘नगरला जा’ असंच सांगितलं असतं, पण मग तुकडी चोवीसवरच बंद; सही न करताच टोपण लावलं.

“पप्पा?”

सर उठले. डाव्या पायात उजवी चप्पल, उजव्यात डावी. फॉर्मांची पिशवी खुंटीवरच ठेवून, भर उन्हात, ते तसेच फाटकाबाहेर पडले.