तबकडीत न मावलेले कडवे

तामलवाडीहून सोलापूरच्या वाटेवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्याशी निजामाच्या शिपायाने माझी ट्रंक उपसली. धोतरजोडी, संध्येची पळीपंचपात्री आणि अभंगांची वही. वही उलटी धरून त्याने विचारले, "सरकारच्या खिलाफ तर काय लिव्हलं न्हाय ना?"

माझे वडील, अप्पा, पोचवायला आले होते. ते म्हणाले, "पोरगा मुंबईला गाणी लिहायला चाललाय."

"मग तर जास्तच तपासाय पायजे!"

निरोप देताना अप्पांनी एवढेच सांगितले, "शेवटचं कडवं सोडू नकोस." आमच्याकडे रचना करणारा शेवटच्या कडव्यात आपली ओळख ठेवतो. माझी ओळख अप्पांच्या नावानेच होती: 'नरहरिसुत म्हणे.'

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, परमुलखात माणूस प्रथम शिकतो तो संशय. रेकॉर्ड कंपनीत गीते निवडणारे, वादक जमवणारे बेगसाहेब धाराशिवचेच. "पंडितजी, फिकीर करू नका," ते म्हणाले होते. माझी पहिली तबकडी हाती आली, तेव्हा तिच्यावर केवळ गायिकेचे नाव होते आणि गीतातून शेवटचे कडवे नाहीसे झाले होते.

"एका बाजूला तीन मिनिटं मावतात. घड्याळाला विचारा," बेगसाहेब म्हणाले. शब्द नित्य आहे, असे मी पाठशाळेत शिकलो होतो. घड्याळाला ते मान्य नव्हते. पण नेमके तेच कडवे का जावे? मला त्यांच्या हसण्यातही चोरी दिसू लागली.

तबकडी गावोगाव वाजली. अप्पांचे पत्र आले: "माझे नाव ऐका, असे गावाला सांगून बसलो होतो. ते तू लाजेने गाळलेस, की कोणाला खाऊ दिलेस?" चोरीचा पुरावा नव्हता, म्हणून मी उत्तर लिहिले नाही, गावीही गेलो नाही.

पुढे बेगसाहेब निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. सास्तूरची एक बाई ओव्या गायला आली. अखेरच्या ओवीत तिच्या भावाचे नाव होते. आवाज कोरून घेणाऱ्या फिरत्या मेणावर सुई मध्याशी येऊ लागली, घड्याळ भरत आले, आणि मीच हात वर करून तिला थांबवले. बेगसाहेबांकडे मी ज्या नजरेने पाहत असे, त्याच नजरेने तिने माझ्याकडे पाहिले.

त्याच आठवड्यात मी गाव गाठले. मारुतीच्या पारावर पाटलांच्या ग्रामोफोनवर माझेच गीत लागले होते. गीत संपले, सुई खरखरू लागली, तरी कोणी उठेना. मग अप्पांनी घसा साफ केला आणि उरलेले कडवे स्वतः म्हटले.

शेजारचा म्हणाला, "रोज असंच. तबकडी अर्धं गाती, अप्पा उरल्यालं."

मी पाया पडून तीन मिनिटांचा हिशोब सांगितला. अप्पा म्हणाले, "घड्याळावर माझा विश्वास न्हाय. तुझ्यावर ठेवायचा का, ते बघतो. बस इथं. म्हण संगट."

मी म्हटले. एक शब्दही चुकलो नाही. तेव्हा कुठे त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता नाका नाही, निजाम नाही, अप्पाही नाहीत. पारावर ते कडवे अजून कोणी म्हणत असेल का, याचा मला संशय आहे. विचारण्याचे धैर्य नाही. मुंबईत कधी ती तबकडी लावतो. सुई खरखरू लागली की उरलेले कडवे म्हणतो. तेवढे होईपर्यंत मी तामलवाडीत असतो.