माणूस एक

"पह्यले गणती, मंग बोलनं."

हे काकूंचं वाक्य. वैशाखातला मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. रस्त्यावर हजर होते ते असे: आमच्या लेआउटमधल्या घरांतले एकोणीस जण, पोत्यात घातलेली माझ्या घरची पाण्याची मोटर एक, आणि ती चोरणारा एक. काकू विसाव्या आल्या. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं.

काकू आमच्या सिंदी मेघे गावात आमच्यापासून तिसऱ्या घरात एकट्या राहत. एकतीस वर्षं त्यांनी एका दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरी मोजल्या. मळक्या मोजून घ्यायच्या, धुतलेल्या मोजून द्यायच्या. निवृत्त झाल्यावरही त्यांचा हात थांबला नाही. मेथीच्या जुड्या, लग्नाला उसन्या दिलेल्या ताटल्या, कुंपणावरच्या चिमण्यासुद्धा. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी लाडू तीनदा मोजले आणि व्याह्यांना तोंडावर सांगितलं, "सत्तर मानसं ठरले होते, पंच्याऐंशी आले." व्याही अजून त्यांचा विषय निघाला की खाकरतात.

भाजीवाला म्हणे, "काकू, एखाद वेळी तं विश्वास ठेवा."

"ठेवला हाय नं बाप्पा. म्हनूनच मोजून राह्यली."

माझं नळ-पाइपांचं दुकान आहे. मलाही आकडे चुकलेले खपत नाहीत. त्यामुळे आमचं बरं जमे.

त्या वैशाखात नळ दोन दिवसांआड येत होता. पंधरवड्यात लेआउटमधल्या दोन मोटरी चोरीला गेल्या होत्या. माझी तिसरी. चोर गेटवरून उतरत असताना ठेकेदार विजूभाऊंनी त्याला धरलं आणि विजेच्या खांबापाशी बसवलं. तिशीचा असेल. माझ्या बायकोनं पोलिसांना फोन लावला. "गाडी निघाली," असं उत्तर आलं.

विजूभाऊंच्या हातात सेंट्रिंगची फळी होती. कोणीतरी दोर आणला. कोणी आणायला सांगितला नव्हता. सुरुवातीला सगळे ओरडत होते, मग एकदम सगळे गप्प झाले. तुम्ही कधी अशा गर्दीत उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, ओरडण्यापेक्षा ती शांतता वाईट. मीही त्यात होतो. माझ्या मुठी आवळलेल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

काकू थेट माझ्याकडे आल्या आणि ते पान माझ्या हाती दिलं.

"भाऊ, तुमचं अक्षर बरं हाय. लिहा."

"काय लिहू?"

"मानूस एक."

मी बघत राहिलो. पण खिशात पेन होता आणि लिही म्हटलं की लिहिण्याची सवय होती. माणूस एक, असं लिहिलं.

"मोटर एक. पोतं एक. सदरा एक. गुंड्या चार, दुसरी नाई. चपला दोन. डाव्या कानामांगं जुनी खोक, एक. तोंड उघड रे."

त्यानं घाबरून तोंड उघडलं. काकूंनी वाकून मोजले. "वर चौदा, खाली तेरा." मागे कोणीतरी खिदळलं. काकू हसल्या नाहीत. "ओठ फुटला हाय. हे कोनं केलं?"

काकूंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"लिहा भाऊ. ओठ फुटलेला, एक. आतापर्यंत."

मग त्या गर्दीकडे वळल्या. "हे पाहा, खाली जागा सोडली हाय. ज्याले मारायचं हाय त्यानं पह्यले तिथं सही करावी. कुठं मारनार तेही सांगावं, भाऊ लिहून घेतीन. पोलीस आले का कागद त्यायच्या हाती."

"काकू, चोराची बाजू घेता काय?" विजूभाऊ म्हणाले.

"बाजू कायची? आपल्या हाती मानूस आला. जसा आला तसा द्याचा. या, तुम्ही पह्यले करा सही."

मी पेन पुढे केला. विजूभाऊंनी पेनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फळी भिंतीला टेकवून ठेवली. पण गेले नाहीत. कोणीच गेलं नाही. उलट माणसं वाढत गेली. एकोणीसची एकोणतीस, मग एक्केचाळीस. फळी हाताच्या अंतरावर होती. दर पाच मिनिटांनी काकू गुंड्या पुन्हा मोजत. त्यांनी त्याला दोन ग्लास पाणी दिलं आणि तेही लिहायला लावलं.

"चोराले पाहुनचार?" कोणीतरी टोमणा मारला.

"पाहुना नाई, ठेव हाय. कमी भरली तं मले भरून द्या लागन."

पोलीस बावन्न मिनिटांनी आले. काकूंनी हवालदाराला सगळी यादी मोजून दिली. "दात पण मोजू काय, मावशी?" तो हसला, पण 'मिळाले' म्हणून सही केली. खाली माझी आणि काकूंची. मारणाऱ्याची जागा कोरी राहिली. कागद काकूंनी आपल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवला.

पुढे एकदा चिंच फोडता फोडता त्यांनीच विषय काढला. "एका रात्री दवाखान्यात असाच एक आनला होता. गावानं मारलेला. चादर माह्याकडे आली, मी मोजली, धुवाले टाकली. मानूस कोनाच्याच गणतीत नाई. साऱ्या गावानं मारलं, आन् इचारलं तं कोनीच नाई मारलं." मग चिंचोके मोजू लागल्या.

पौषात गुडघेदुखीनं उचल खाल्ली तेव्हा त्या वडनेरला लेकीकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "भाऊ, आता तुमीच मोजत जाजा." माघात तिकडेच वारल्या. घराला कुलूप लागलं.

फाल्गुनातला गुरुवार, सकाळचे अकरा वीस. त्या कुलूपबंद गेटशी एक दाढीवाला माणूस कुंपणावरून आत डोकावताना विजूभाऊंना दिसला.

"कोन हाय बे?"

"काकू हायेत काय? त्यायच्याकडचा कागद पाहिजे होता."

माणसं जमू लागली. विजूभाऊंनी मला हाक मारली, "भाऊ, ओळखता काय याले?"

खात्री केल्याशिवाय मी बोलत नाही. मी जवळ गेलो. डाव्या कानामागे खोक. खालचा दात नाही.

"हा तोच," मी म्हणालो. "वैशाखातला. मोटरवाला."

बरोबर सांगितलं. एकही खूण चुकली नाही.

पुढचं मी पाहिलं. "थांबा, पोलीस येऊन राह्यले," असं दोनदा म्हणालो, दोन्ही वेळा फार मोठ्यानं नाही. पेन खिशात होता. कोरा कागद माझ्या घरात, तीस पावलांवर. गेलो नाही. मी फक्त माणसं मोजत होतो: सव्वीस. तो "कागद, कागद" म्हणत होता, मग तेही थांबलं. पोलीस या वेळी अठरा मिनिटांत आले. म्हणजे चौतीस मिनिटं लवकर.

कोणी मारलं, असं त्यांनी विचारलं. सव्वीस जणांपैकी कोणीच नाही. मीही नाही.

गाडी गेल्यावर रस्त्यावर चप्पल एक राहिली. डाव्या पायाची. मी ती उचलून घरी आणली.

जामिनावर सुटलेला तो कशाला आला होता, ते मला मागाहून कळलं. खटल्यात त्याच्यावर तिन्ही मोटरी लागल्या होत्या. आपल्याजवळ एकच सापडली, असं तो सांगत होता. एकच, असं लिहिलेला कागद काकूंच्या डब्यात होता, माझ्याच अक्षरात.

मी वडनेरला गेलो. काकूंच्या लेकीनं डबा काढून दिला. आत अशा कागदांची नीट घडी होती. ताटल्यांचे, चादरींचे, आणि हा.

तो दवाखान्यात होता, शुद्धीवर आला होता, पण बोलत नव्हता. त्याची बायको वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. ती मोटर माझी होती, एवढंच सांगितलं आणि कागद दिला.

"काय लिहिलं हाय? मले वाचता येत नाई."

मी सगळं वाचलं. माणूस एक. मोटर एक. गुंड्या चार. दात सत्तावीस. ओठ फुटलेला, एक. पाणी, ग्लास दोन.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "आन् आता किती हाय, ते कोनी लिहिलं काय?"

मी पान उलटलं आणि पेन काढला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. दात एकवीस. उजव्या हाताची बोटं मोडलेली, तीन. बरगड्या, दोन. डावा डोळा, डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही. शेवटी मी वर लिहिलं, माणूस एक.

खाली काकूंच्या रीतीनं जागा सोडली होती. मारणाऱ्याच्या सहीची. तिथं मी माझी सही केली, पूर्ण नावाची.

कागद एक, चप्पल एक. दोन्ही तिच्या हाती दिले. पोच मागितली नाही.