तिघींना कुंकू, चौथीला मानपत्र

वहिनींचं बोट माझ्या कपाळासमोर येऊन थांबलं.

स्टेजवर आम्ही चौघी ओळीनं उभ्या होतो. इंटरनेटवर बायकांची बाजू मांडतात म्हणून कोल्हापुरातल्या एका मंडळानं आमचा सत्कार ठेवला होता. तेव्हा ब्लॉग म्हणजे काय, हे निम्म्या सभागृहाला ठाऊक नव्हतं. अध्यक्षांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, ताट घेऊन आल्या. तिघींना हळदकुंकू लावलं, ओटी भरली. कुंकवात बोट बुडवून माझ्यापुढं आल्या आणि मंडळाचे सेक्रेटरी मागून कुजबुजले, "वहिनी, त्यांना नगं. त्यांचं मालक न्हाईत."

बोट मागं गेलं. वहिनींनी ते ताटाच्या कडेला पुसलं. माझ्या हातात नुसतं मानपत्र आलं. त्यावर छापलं होतं, ‘विधवांच्या सन्मानासाठी झटणारी लेखणी’.

हसावं की रडावं कळेना. पण खरी लाज वेगळीच होती. ते बोट मागं जायच्या आधी मीच एक पाऊल मागं सरले होते. कुणी सांगितलं नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, तेवढ्या काळात हे अंगवळणी पडलं होतं. सख्ख्या भाचीला हळद लागत होती तेव्हा मी मांडवामागं आचाऱ्याजवळ कांदा चिरत बसले होते. त्यावरच तर लिहिलं होतं. मी लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानात कामाला होते. दुपारच्या सुट्टीत एका हातानं भाकरी खात मालकाच्या कॉम्प्युटरवर लिहायचे. ‘ताई, ही माझीच गोष्ट,’ असं बायका खाली लिहायच्या. लिहिताना वाघीण, आणि इथं शेळी. मला माझाच भयंकर राग आला.

मी माइक मागितला. सेक्रेटरी हसत पुढं आले. "तुमचाच मान राखला की, ताई. चारचौघांत तुमाला वाईट वाटाय नगं म्हणून."

"वाटतंयच," मी माइकमध्येच म्हणाले. "नवरा न्हाय म्हणून वगळायचं, आन वगळू नका असं लिवलं म्हणून मानपत्र द्यायचं. ह्यातलं तुमचं खरं कुठलं?"

वहिनींचा चेहरा उतरला. त्या पुन्हा ताट घेऊन आल्या. "या की, लावते. त्यात काय हाय?"

"आता नगं, वहिनी. मी भांडले म्हणून लावू नगा."

कुंकवाची मला हौस नव्हती. वगळल्याचा संताप होता. मानपत्र टेबलावर ठेवलं आणि खाली उतरले. उरलेल्या तिघींतल्या एकीनंही मान वर केली नाही. लेख लिहिणाऱ्या बायका त्या! ते मला अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं लिहून टाकलं. संध्याकाळी सेक्रेटरींचा दुकानात फोन आला. मंडळाची सगळी छपाई आमच्याकडंच असायची. मालकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बाई, ते काढून टाका. न्हायतर उद्यापास्नं येऊ नगा. मला धंदा करायचा हाय."

घरात दोन पोरी, मिळवती मी एकटी. तरी उठले, डबा पिशवीत घातला.

"मग येत न्हाय," म्हणाले.

दोन महिने काम नव्हतं. भाऊ घरी येऊन ओरडला, "बोटभर कुंकवापायी नोकरी घालवलीस व्हय?" त्याला समजावत बसले नाही.

लेख अजून तिथंच आहे, माझ्या पूर्ण नावानिशी. आता सत्काराचा फोन आला की मी आधी एकच विचारते, "सगळ्या बायकांना एकच रीत लावणार का?" तिघांनी ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला, तो पुन्हा केला नाही. न का करेनात. मी विचारायचं सोडणार नाही.