अर्धा फेरा

लोखंडी पाइपांत हयात घालवलेल्या त्या प्लंबरला अख्खी गल्ली ‘अर्धाफेरे’ म्हणायची, आणि त्याला ते आडनावासारखं शोभायचंही. नट हाताने बसवायचा, पान्याने आवळायचा, आणि बाकीचे प्लंबर हात पुसायला लागतात त्या वेळी हा वर आणखी अर्धा फेरा द्यायचा. बरणीचं झाकणसुद्धा असं लावायचा की उघडायला बायकोला त्यालाच हाक मारावी लागे. पण त्याने जोडलेला सांधा गळला असं कोणी कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्याने ऐकून घेतलं नसतं.

त्याच्याच हाताखाली शिकलेल्या त्याच्या मुलीने पुढे वाकणाऱ्या प्लॅस्टिक पाइपचं काम धरलं, तेव्हा त्याने जे नाक मुरडलं ते मुरडलेलंच राहिलं. लाल पाइप गरम पाण्याचा, निळा गार पाण्याचा. गुंडाळी उलगडायची आणि कोपरा आला की सरळ वळवायची. तो त्या पाइपला नाडी म्हणायचा. भिंतीत नाडी ओवायची आणि तिच्यातून आंघोळीचं पाणी सोडायचं, याला प्लंबिंग म्हणायला तो तयार नव्हता. त्याच्या स्वतःच्या घरातला लोखंडी पाइप मात्र आतून इतका गंजला होता की बादली भरेपर्यंत चहा गार होई, आणि बादलीतलं पाणीही चहाच्याच रंगाचं असे.

शेवटी बायकोने त्याला न विचारता मुलीला घरातले पाइप बदलायला सांगितलं. मुलीलाही ते हवंच होतं. एका नव्या इमारतीचं सगळं पाण्याचं काम तिला मिळण्यासारखं होतं, आणि काँट्रॅक्टरला आधी नमुना बघायचा होता. बघायचं तर माझ्या आईबाबांचंच घर बघा, असं ती त्याला सांगून बसली होती. एवढं मोठं काम तिला आजवर कोणी देऊ केलं नव्हतं. ती भिंती फोडत होती तेवढे दिवस बाप बाहेरच्या खोलीत पेपर वाचत, हे गळणार, असं पेपरला ऐकवत होता.

काँट्रॅक्टर येण्याच्या आदल्या दुपारी मुलीने पाणी सोडून सगळे सांधे तपासले. एकही ओला नव्हता. ती दुकानात गेली आणि घरात तो आणि नाडी असे दोघेच उरले, म्हणजे बायको होती, पण ती आंघोळीला गेली होती. तो सहज म्हणून सिंकखाली वाकला. प्लॅस्टिकचे नट, तेही जेमतेम हाताने आवळलेले. इतके दिवस गळणार गळणार म्हणत होता, पण उद्या खरंच गळलं तर पोरीचं तोंड कसं होईल, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्याने पाना काढला आणि स्वयंपाकघरातल्या एकेका नटाला मायेने अर्धा फेरा दिला.

सकाळी काँट्रॅक्टर सिंकखाली वाकला तो थेट पाण्याच्या थारोळ्यातच. खरं सांगायचं तर बापाला क्षणभर आनंदच झाला. म्हटलं नव्हतं, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात त्याला चिरलेला नट दिसला, आणि नटावर पान्याच्या दातांचे वळ. मुलीलाही ते दिसले होते. तिने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“माझं चुकलं,” ती काँट्रॅक्टरला म्हणाली. “दुरुस्त करून देते.”

बघू, कळवतो, म्हणत तो हात झटकू लागला. बापाला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

“साहेब, ती गळती माझी आहे,” तो म्हणाला. “नट मी आवळलाय.”

काँट्रॅक्टर हसला. त्याच्या लहानपणीच्या घराचं काम अर्धाफेऱ्यांनीच केलं होतं, आणि तिथे अजून थेंब गळत नव्हता. काकांनी मुलीला पाठीशी घालावं हे ठीक, पण पटेल असं तरी काही सांगावं, असं त्याचं म्हणणं पडलं. जन्मभर कमावलेलं नाव असं ऐन वेळी आडवं आलं.

मग त्याने काँट्रॅक्टरला दंडाला धरून बाथरूममध्ये नेलं. आदल्या दिवशी बायको आत होती म्हणून इथला सांधा त्याच्या तावडीतून सुटला होता. तो खडखडीत कोरडा होता. काँट्रॅक्टरने बोट फिरवून खात्री केली. मग बापाने पाना लावला आणि सगळा जोर एकवटून अर्धा फेरा दिला. कट्ट असा आवाज झाला आणि चिळकांडी काँट्रॅक्टरच्या चष्म्यावर उडाली.

काम मुलीला मिळालं. चष्मा पुसता पुसता काँट्रॅक्टरने एकच अट घातली, की काका इमारतीच्या आसपास दिसता कामा नयेत.

“बाबा येतील,” मुलगी म्हणाली. “पाना घरी राहील.”

काँट्रॅक्टर गेल्यावर तिने बापाला सिंकखाली बसवलं, नवा नट त्याच्या हातात दिला आणि हातानेच आवळायला सांगितलं. तो आवळत गेला. बास, ती म्हणाली. तो थांबला. सांधा कोरडा होता. बोटं मात्र नटावरून निघेनात, कारण उरलेला अर्धा फेरा आता कुठे ठेवायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.